आधी नाव ऐकू

एका सकाळी केरूच्या हनुवटीवरचा तीळ डावीकडून उजवीकडे गेला आणि नेमका माझ्या नजरेला पडला. हे त्याचं दुर्दैव. आज मागे वळून बघतो तर माझंही.

मी तेव्हा आखातात, अल कुसैसमध्ये एका बांधकाम कंपनीत टायमकीपर होतो. साइटच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसायचं, बसमधून उतरलेल्या प्रत्येकाचं लेबर कार्ड बघायचं, हजेरीच्या कागदावर खूण करायची. बी.कॉम. होऊन हे काम नशिबी आल्यामुळे माझ्या जिभेला कडवटपणा आला होता. कुमुद, माझी बायको, म्हणायची, "भानुदास, तुमच्या फाटकातून माणसं जातच नाहीत, नुसते नंबर जातात." चारशे चेहरे लक्षात ठेवायचा पगार मला कुणी देत नव्हतं.

पण हा तीळ लक्षात राहिला होता. कार्डावर नाव होतं समाधान रावजी आवारी, काम शटरिंग कारपेंटर. फोटोतल्या माणसाला डावीकडे ज्वारीच्या दाण्याएवढा तीळ. समोरच्या माणसालाही तेवढाच, फक्त उजवीकडे.

"काय रे, रातोरात ट्रान्सफर झाली काय तिळाची?" मी विचारलं.

त्याने हनुवटीला हात लावला आणि बोट काळं झालं. प्लायवर मापं लिहायला सुतारांना मार्कर देतात, त्याची शाई होती ती. तो हळूच म्हणाला, "रोज अंदाजानं काढतो साहेब. आज फोटूत बघून काढला. आरशात उलटं झालं."

मागे रांग खोळंबली होती. मी त्याला आत सोडलं आणि म्हणालो, आधी तोंड नीट कर. त्या शुक्रवारी तो पत्ता विचारत माझ्या घरी आला आणि चहाला हात न लावता त्याने सगळं सांगितलं.

व्हिसा आला होता समाधानचा. समाधान हा त्याचा धाकटा भाऊ. अकोले तालुक्यातल्या त्यांच्या गावातून केरू त्याला पोचवायला मुंबईला आला. विमानतळाच्या दारात समाधान घाबरला. तो खाली बसला तो उठेचना. एजंट शिव्या घालायला लागला. दोघा भावांचे चेहरे एका साच्यातले, फरक काय तो तिळाचा. शेवटी एजंटनेच केरूच्या हातात पासपोर्ट कोंबला, पेनाने हनुवटीवर ठिपका दिला आणि त्याला आत ढकललं. पोचवायला आला होता तो गेला, आणि जाणारा एस.टी.ने घरी परतला. केरूच्या अंगात सदरासुद्धा समाधानचा होता. हे सत्त्याण्णव सालचं.

"आणि नावाचं काय?" मी म्हणालो.

"नावाचं काय साहेब, हाक मारली की ओ द्यायची."

पहिल्या दिवसापासून त्याचं मन शंकेखोर झालं होतं. विमानतळावरून बस निघाली तेव्हा ड्रायव्हर ओरडत होता, "सोनापूर, सोनापूर! यल्ला, बैठो!" कामगारांच्या छावण्या सोनापूरला आहेत. बाकीच्यांना नावातलं सोनं ऐकून बरं वाटलं. केरूच्या चुलत्याला मात्र मुंबईच्या सोनापुरात अग्नी दिला होता. मुंबईकडे सोनापूर म्हणजे स्मशान, हे मराठी माणसाला कुणी सांगायला नको. तो म्हणाला, "दुसऱ्याचा सदरा घालून मी आपल्या पायानं मसणात चाललो व्हतो साहेब." मी हसलो. मला हसू येण्यासारखं त्यात काय होतं, ते आता आठवत नाही.

केरू गावाकडे गाणी बांधायचा. जागरणाच्या पार्टीला, भजनी मंडळाला, निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एखाद्या पडेल उमेदवारालासुद्धा त्याने गाणी दिली होती. स्वतः मात्र कधी चारचौघांत गायला उभा राहिला नाही. सोनापुरात आल्यावर त्याची गाणी बदलली. उन्हाची, तारेच्या कुंपणाची, घरून आलेल्या कॅसेटमध्ये मूल बोलायला शिकलेलं ऐकू येतं त्याची. छावणीत सुरेश नावाचा गवंडी होता, गळा गोड. केरूने शिकवायचं आणि सुरेशने शुक्रवारी संध्याकाळी अंगणात म्हणायचं. वर्षभरात शारजापर्यंतच्या मराठी पोरांना ती गाणी पाठ झाली.

आपल्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव ओवतो. गाणारा कुणीही असो, नाव रचणाऱ्याचं जातं. तेव्हा प्रत्येक गाण्याच्या शेवटी यायचं, 'केरू म्हणे'. पण छावणीत केरू कुणीच नव्हता, होता तो समाधान. समाधान सांगायचा, आमच्या गावाकडच्या केरूची गाणी आहेत, मला येतात तेवढीच. मी त्याला म्हटलंसुद्धा, "अरे, समाधान म्हणे असं कर ना, प्रॉब्लेम संपला." तो म्हणाला, "आपल्या लेकराला दुसऱ्याचं नाव लावू का?"

एका शुक्रवारी मी तिथेच होतो. कुणीतरी सुरेशला विचारलं, "हा केरू आहे का जिवंत?" सुरेश ढोलकीवरून हात न काढता बोलला, "कशाचा जिवंत! असली गाणी जित्या माणसाला सुचत नाहीत." सगळे हसले. केरू त्यांना चहाचे पेले देत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातातही एक पेला दिला. पेला चांगला गरम होता, पण त्याची बोटं गार लागली.

सुरेशने तेव्हा म्हटलेलं गाणं मी कधी विसरलो नाही.

परका सदरा, अंगात घातला,
हाक दुसऱ्याला, ओ देतो मी.
केरू म्हणे सये, पुसू नको कुंकू,
आधी नाव ऐकू, मग रडू.

परतताना तो माझ्याबरोबर बसथांब्यापर्यंत आला. सई म्हणजे त्याची बायको, सत्यभामा. तो म्हणाला, "साहेब, मी हितं मेलो तर पेटीवर समाधानचं नाव लागंल. जिता समाधान मरंल आणि मेलेला केरू जिता राहील. मग मी गेलो कुठं? ती रडंल कुणासाठी?"

"तुला मरायला काय झालंय? कॉन्ट्रॅक्ट पुरं कर, व्हिसा कॅन्सल करून घरी जा. खलास."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. हा शब्द तो हल्ली फार वापरायचा आणि तो त्याच्या तोंडून मला आवडायचा नाही.

नव्व्याण्णवच्या जुलैत खैरुद्दीनने कॅसेट काढायचं मनावर घेतलं. कुसैसमध्ये त्याचं गाण्यांच्या कॅसेटचं दुकान होतं. माणूस हैदराबादचा, मराठीचा एक शब्द कळत नव्हता, पण गिऱ्हाइकं मागतात एवढं त्याला कळत होतं. "हबीबी, सुरेश को बोलो आठ गाने गाए. पाँच दिरहम में बेचूँगा." पाच दिरहम म्हणजे पंचावन्न रुपये, असा हिशेब सुरेशने लगेच मोठ्याने केला. केरू कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "मी गाणार."

सुरेशला वाटलं चेष्टा आहे. केरूचा आवाज सिमेंट खाऊन फाटलेला, वरच्या सुराला तडा जायचा. पण तो हटेना. "दुसऱ्याच्या तोंडून लई झालं. येकदा माझ्या तोंडून जाऊ द्या." त्याने एकच अट घातली. पहिल्या गाण्याआधी तो दोन शब्द बोलणार, आणि ते कॅसेटमध्ये राहिले पाहिजेत.

ध्वनिमुद्रण माझ्या घरी झालं, शुक्रवारी दुपारी. आवाज येतो म्हणून एसी बंद, खिडक्यांना रजया. जुलैमधल्या बंद खोलीत दहा मिनिटांत आम्ही निथळायला लागलो. माझी मुलगी पर्णिका सहा वर्षांची होती. ती केरूकडे टक लावून बघत होती आणि मध्येच ओरडली, "बाबा, हिज मोल इज मेल्टिंग!" शाईचा ओघळ त्याच्या गळ्यापर्यंत आला होता. कुमुदने टॉवेल पुढे केला. केरूने हनुवटी स्वच्छ पुसली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याचा स्वतःचा चेहरा पाहिला.

मग तो टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलला. "मी केरू रावजी आवारी. तालुका अकोले. हितं मला समाधान म्हणत्यात. समाधान माझा धाकटा भाऊ, तो घरी सुखरूप हाये. ही आठ गाणी माझी. मी हितं मेलो तर केरू मेला असं समजावं."

सुरेशचे हात ढोलकीवर थांबले. जो केरू मेला म्हणून तो सांगत फिरायचा, तो समोर मांडी घालून बसला होता. कुमुद भिंतीला टेकली. आणि केरू गायला लागला.

त्याला गाता येत नव्हतं. तरी सांगतो, सुरेशच्या गोड गळ्यात आम्हाला जे कधी ऐकू आलं नव्हतं, ते त्या फाटक्या आवाजात आलं. सुरेश गायचा तेव्हा वाटायचं, बिचाऱ्या कुणाचं तरी दुःख. केरू गायला तेव्हा मला वाटलं, दाराबाहेर कुणीतरी उभं आहे आणि हा त्याच्याशी बोलतोय. 'आधी नाव ऐकू' म्हणताना त्याचा सूर तुटला. तो थांबला नाही, तुटलेल्या जागेवरूनच पुढे गेला. मला भीती वाटली, हे मी सरळच कबूल करतो.

ती भीती कॅसेटबरोबर घरात राहिली. मला रात्रंदिवस एकच दिसायला लागलं. ही कॅसेट पन्नास घरांत जाणार. एखादा मराठी क्लार्क ऐकणार. इमिग्रेशन विचारणार, दोन वर्षं या माणसाला फाटकातून आत कोण सोडत होतं? माझी नोकरी, व्हिसा, पर्णिकाची शाळा. रविवारी संध्याकाळी कुमुद बाजारात गेली असताना मी कॅसेट घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि दीड मिनिट गप्प उभा राहिलो. केरूचं बोलणं गेलं. त्या जागी माझ्या घरातल्या एसीची घरघर भरली. मग ती कॅसेट मी खैरुद्दीनला नेऊन दिली.

कुमुदला कळलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही त्याला मारलंत." मी तिच्यावर खेकसलो. बायका काहीही बोलतात, असंही म्हणालो.

आठवडाभरात कॅसेट छावण्यांमध्ये पोचली. सोमवारी सकाळी केरू फाटकाशी आला. तीळ डावीकडे, व्यवस्थित.

"साहेब, सुरवातीला नुसती घरघर येतीय."

"कॉपी करताना खैरुद्दीनने काहीतरी घोळ घातला असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझं पेन हजेरीच्या कागदावर त्याच्या नावाशी थांबलं होतं, म्हणजे समाधानच्या नावाशी. तो म्हणाला, "करा खूण," आणि आत गेला.

त्यानंतर तो तीन आठवडे जगला. मधे एकदा म्हणाला, छातीत जळजळ होते. मी म्हणालो, क्लिनिकला जा. "तिथं सदरा काढायला लावत्यात, तोंड धुवायला लावत्यात. मला माझ्या तोंडानं जाता येत न्हाई." मी त्याला हाताला धरून न्यायला हवं होतं. मी म्हणालो, मग पाणी पीत जा.

ऑगस्टच्या एका दुपारी तो शटरिंगखालच्या सावलीत टेकला आणि उठला नाही. आम्ही नेलं तोवर सगळं संपलं होतं. साइटवरच्या माणसांची ओळख पटवायला टायमकीपरलाच बोलावतात. शवागारातल्या क्लार्कने पासपोर्ट उघडून माझ्यासमोर धरला. त्यात ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिलं होतं, हनुवटीवर डावीकडे तीळ. त्याने चादर बाजूला केली. साइटवर शुद्धीवर आणायला कुणीतरी तोंडावर पाणी मारलं होतं. हनुवटी कोरी होती.

क्लार्कचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. त्याला तिळाचं काही पडलेलं नव्हतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त तो रकाना दिसत होता. मी खिशातून हजेरीचं पेन काढलं आणि केरूच्या हनुवटीवर तीळ काढला. थंड कातडीवर शाई लागेना, तीनदा गिरवावं लागलं. डावीकडे काढला. मी चुकलो नाही. क्लार्क परत आला, म्हणाला, "समाधान रावजी?" मी हो म्हणालो आणि सही केली.

पेटीबरोबर त्याची बॅग गेली, बॅगेत कॅसेट आणि माझं पत्र. पत्रात मी लिहिलं होतं, कुठेही तोंड उघडू नका. कागदोपत्री समाधान गेला आहे, तसंच वागा. नाहीतर चौकशी होईल, कंपनीकडून येणारी मदत थांबेल, सगळे तुरुंगात जाऊ. अक्षर मात्र सुंदर होतं माझं.

ज्या नोकरीसाठी हे सगळं केलं, ती दोन वर्षांत कंपनीबरोबरच बुडाली. मला दुसरी मिळाली. कुमुदने कॅसेटचा विषय पुन्हा काढला नाही, पण दर सुट्टीला विचारायची, "अकोल्याला जायचं का?" दोन हजार तीनच्या मे महिन्यात मी एकटाच गेलो.

दारात आलेल्या माणसाने हात जोडले. "या. मी केरू," तो म्हणाला. सवयीनेच म्हणाला असणार. चेहरा तोच होता. हनुवटीवर डावीकडे भाजल्याचा डाग होता. मोठा भाऊ रोज सकाळी जो तीळ काढत होता, तो धाकट्याने डागून टाकला होता. ग्रामसेवकाच्या दप्तरात समाधान मेला होता, म्हणून जिवंत राहायला त्याला केरूचं नाव घ्यावं लागलं. त्याची बायको घरात सवाष्ण आणि कागदावर विधवा. आणि सत्यभामा कागदावर सवाष्ण.

ती आतून पाणी घेऊन आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. हल्लीच्या शिकलेल्या बायका म्हणतात, नवरा गेला तरी आम्ही कुंकू पुसणार नाही, आणि बरोबरच आहे त्यांचं. पण इथे एका बाईला माझ्या पत्राने रडायलाच बंदी केली होती. दशक्रिया झाली ती दिराची. ती चार वर्षं रोज सकाळी आरशासमोर उभी राहून खोटं कपाळ रंगवत होती, तिकडे तो हनुवटी रंगवायचा तशीच.

मी कोण, हे सांगितल्यावर ती समोर बसली. समाधान दारात उभा राहिला.

"तीळ तुम्ही काढला व्हता का?" तिने विचारलं.

पेटी उघडली असेल, चेहरा बघितला असेल, हे चार वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं. मी हो म्हणालो.

"पाण्यानं निघंना. मग खोबरेल लावून पुसला. म्हणलं, जाताना तरी आपलं तोंड घेऊन जावा."

तिने फळीवरचा टेपरेकॉर्डर खाली घेतला आणि बटण दाबलं. अकोले तालुक्यातल्या त्या घरात माझ्या कुसैसच्या घरातला एसी घरघरायला लागला. मी तो आवाज लगेच ओळखला. दीड मिनिट किती मोठं असतं, ते त्या दिवशी कळलं.

"हितं मला रोज वाटतं, ते बोलाया उभं राहिल्यात," ती म्हणाली. "काय म्हणाले व्हते हो हितं?"

मी सांगितलं. जसंच्या तसं सांगितलं, आणि ते कुणी पुसलं तेही सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टेप बंद केला.

"आधी नाव ऐकू म्हणून सांगून गेले. चार वरसं ऐकतीय, कुणी नावच घेत न्हाई. बोलू नका असं तुम्हीच लिवलं व्हतं. आता तुम्हीच बोला."

 मी उठून उभा राहिलो, हजेरी पुकारायला उभं राहतात तसा. "केरू रावजी आवारी," मी म्हणालो. "सोळा ऑगस्ट एकोणीसशे नव्व्याण्णव. दुपारी अडीच. मी स्वतः बघितलं. केरूच गेला."

सत्यभामाने पदर घेतला आणि कुंकू पुसलं, एकदाच, सावकाश. मग ती रडली. चार वर्षांचं साचलेलं सगळं एकदम आलं. शेजारच्या बाया धावत आल्या आणि दारातच थबकल्या. त्या रडण्यात मला बसवेना आणि उठवेना.

बऱ्याच वेळाने ती थांबली. कोरडं कपाळ वर करून तिने दाराकडे बघितलं.

"समाधान भावजी," ती म्हणाली, "पाव्हण्यांना पाणी द्या."

तो उंबऱ्यात तसाच उभा होता. त्याला ओ द्यायला जरा वेळ लागला.